आईनं गुंडाळलेली कॉइल

आमच्याकडे मागाच्या खोलीत एक मोटारसायकल उभी आहे. माग विकून पुष्कळ वर्षं झाली, त्याचा खड्डा बाबांनी स्वतःच सिमेंटनं बुजवला, पण खोलीचं नाव बदललं नाही. बाबा जिथे खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायला बसत, बरोबर त्याच जागी आता माझ्या धाकट्या भावाची टू-स्ट्रोक गाडी आहे. तेलाचा डाग पडू नये म्हणून आई तिच्याखाली पोत्याचा तुकडा अंथरते. गाडीतलं तेल केव्हाच गळून संपलं. तुकडा मात्र दर सणाला बदलला जातो.

भाऊ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. कन्हानच्या बाजूला एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये तो कामाला होता, रोज याच गाडीनं जायचा-यायचा. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तो आपल्या पायांनी चढला. चढताना आईला म्हणाला, "गाडीवर कापड टाकून ठेव वं, धूळ लै बसते." त्यानंतर दवाखान्यातून फोन येत राहिले आणि मग शेवटचा फोन आला. घाटावर मला दुरून एक प्लास्टिकची गुंडाळी दाखवली. ते प्लास्टिक होतं एवढं मी शपथेवर सांगू शकतो. आत कोण होतं, ते मला विचारू नका. आईनं तर तेवढंही पाहिलं नाही.

आता घरात आम्ही दोघंच. लग्न माझंही झालं नाही आणि त्याचंही नाही, आणि हा विषय आमच्याकडे बंद आहे.

आईचा एक जुना रेडिओ आहे, स्वयंपाकघरातल्या फळीवर. मिडियम वेव्हवर जे लागेल ते ती ऐकते. शेतकऱ्यांसाठीची माहिती, बाजारभाव, काहीही. आमच्याकडे गुंठाभर शेत नाही, तरी तूर कुठे काय भावानं गेली हे तिला ठाऊक असतं. या रेडिओची एक गंमत होती. भाऊ कामावरून परत येताना गल्लीच्या तोंडाशी वळला, की गाडीचा आवाज येण्याआधी रेडिओ तडतडायचा. जुन्या गाड्यांच्या स्पार्कची ही खोडच असते. प्लगवर ठिणगी पडली की तिचा थोडा अंश हवेत जातो आणि जवळपासच्या रेडिओत खरखर उठते. आईला हे शास्त्र मी एकदा नीट समजावून सांगितलं होतं. ती "असंल" म्हणाली आणि तवा मांडला. रेडिओ तडतडला की तवा, हा तिचा नियम. त्यानं गाडी स्टँडवर लावून हातपाय धुवेपर्यंत पहिली पोळी ताटात पडलेली असायची.

तो गेल्यावर रेडिओ स्वच्छ वाजू लागला. एवढा स्वच्छ, की मला तो ऐकवेना.

दोनेक वर्षांनी आमचा मामेभाऊ आला. नरखेड तालुक्यात त्याची संत्र्याची बाग आहे, मनानं सरळ आहे, बोलताना मागचा-पुढचा विचार करत नाही. गाडी चालवायला तो याच गाडीवर शिकला होता. मागाच्या खोलीत जाऊन त्यानं तिच्या टाकीवर हात फिरवला, डोळे पुसले आणि बाहेर येऊन म्हणाला, "आत्याबाई, अशीच सडून जाईल ते. मले द्या. मी नवी करून ठेवतो, देव्हाऱ्यासारखी."

मला वाटलं आई त्याला हाकलेल. ती शांतपणे म्हणाली, "ने. पण बंद गाडी माह्या दारातून नाही जाणार. टेम्पोत घालून, उचलून-गिचलून नाही. जाईल ते चालत जाईल."

माणूस कसा गेला ते तिघांनाही माहीत होतं.

म्हणून गाडी सुरू करण्याचं काम माझ्याकडे आलं. नोकरीनं मी कारकून, पण लहानपणापासून मला तारा आणि बल्बांचा नाद. आम्ही दोघं भाऊ शाळेत असताना भंगारातल्या एका कॉइलवर ठिणग्या पाडायचो. मी खुश व्हायचो ठिणगी पडली म्हणून, आणि तो म्हणायचा, "दादा, अजून मोठी." मोठी झाली की पुन्हा तेच. त्याला कधीच कुठली ठिणगी पुरली नाही.

गाडी पाहिली तर इग्निशनचा डबा मेलेला आणि कॉइल तडकलेली. तो डबा आता कुठे मिळत नाही. मी ठरवलं, आपणच करू, आणि असा करू की मूळच्यापेक्षा दमदार ठिणगी पडेल. युक्ती तशी सोपी आहे. बॅटरीचे बारा व्होल्ट एका छोट्या ट्रान्सफॉर्मरनं चढवून काहीशे करायचे, ते एका कपॅसिटरमध्ये साठवायचे आणि नेमक्या वेळेला सगळे एकदम कॉइलमध्ये सोडून द्यायचे. थेंब-थेंब भरलेली बादली एकदम उपडी करावी तसं. कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. कागदावर काढलं तर शाळकरी पोरालाही कळेल. प्रत्यक्षात मात्र त्यानं माझ्या नाकी नऊ आणले.

दर रविवारी मी मागाच्या खोलीत बसू लागलो. सीताबर्डीच्या गल्लीतून सुटे भाग आणायचे, लावायचे, जाळायचे. जळलेल्या थायरिस्टरांनी, म्हणजे कपॅसिटर मोकळा करणाऱ्या खटक्यांनी, एक डबा भरला. एकदा माझा हात नको तिथे लागला आणि दंडापर्यंत बधिर झाला. मी ओरडलो तशी आई दारात आली, मला बघितलं, आणि "चप्पल घालून बसत जा" एवढं म्हणून परत गेली. आमच्या घरात प्रेम असंच बोललं जातं.

शेवटी ठिणगी आली. प्लग बाहेर काढून गाडीच्या इंजिनावर ठेवला आणि निळी, टणक ठिणगी पडली. खोलीत वीज पडून गेल्यावर येतो तसा वास भरला. मी स्वयंपाकघराकडे बघून म्हणालो, "पडली वं आई." तिकडे रेडिओ तडतडत होता. माझ्या आनंदात मला त्याचा अर्थ सुचला नाही, आणि मी आणखी बराच वेळ ठिणग्या पाडत बसलो.

पण प्लग आत बसवून किक मारली तर काही नाही. इथे एक गोम असते. उघड्या हवेत ठिणगी सहज उडी मारते. इंजिनात दाबलेल्या हवेत तिला तीच उडी कितीतरी जड जाते. मी वापरत होतो ती भंगारातली कॉइल या दाबापुढे हात टेकत होती. चांगली कॉइल हवी होती.

मामेभावाला फोनवर सांगितलं तर पुढच्या खेपेला संत्र्यांच्या पेटीसोबत एक नवी कोरी कॉइल घेऊन आला. आजकालच्या कुठल्याशा मोटारसायकलची. "हे लावून पाह्य ना गा भाऊ. काहून एवढा खटाटोप करून राहिला?"

मी त्याला दम किती, ऊर्जा किती, वेढ्यांचं प्रमाण काय, असं बरंच काही ऐकवलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही, आणि मीही ते कळण्यासाठी बोलत नव्हतो. ती कॉइल मी पाकिटासकट कपाटावर टाकली. म्हटलं, आपली आपण गुंडाळू.

कॉइल गुंडाळणं म्हणजे लोखंडी गाभ्यावर आत जाड तारेचे थोडे वेढे आणि त्यावर केसाहून बारीक तारेचे हजारो. ही तांब्याची तार वार्निश चढवलेली असते आणि श्वास जोरात सोडला तरी तुटेल अशी. माझ्या हातात ती तुटतच होती. दोन रविवार शिव्या घालण्यात गेले. तिसऱ्या वेळी आई मागे येऊन उभी राहिली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सरक."

माळ्यावरून तिनं कांड्या भरायचा चरखा काढायला लावला. बाबा विणायचे तेव्हा बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुताच्या कांड्या तीच भरायची. रेशीम, जर, सगळं तिच्या बोटांतून गेलेलं. चाती पुसली, दोरी नवी लावली, आणि माझा लोखंडी गाभा चातीवर असा बसवला की जणू रोजचंच काम. मी तिला सांगितलं की प्रत्येक थरावर कागद घालायचा, वेढ्याला वेढा चिकटून गेला पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तार तुटली तर गाठ मारायची नाही. मला हाक मारायची. वार्निश खरवडून ती सोल्डर करावी लागते, नुसत्या गाठीतून वीज जात नाही. आई म्हणाली, "बरं."

मग दुपारच्या दुपार ती चरख्याशी बसू लागली. उजव्या हातानं चाक, डाव्या हाताच्या दोन बोटांत तार, शेजारी तिची सूत कापायची लहान कातर. बोटं अशी हलकी, की तार त्यांना स्पर्श करतेय की नाही कळू नये. भाऊ गेल्यापासून तिच्या हाताला मी पहिल्यांदा काम पाहिलं. जेवण वेळेवर होऊ लागलं, केस विंचरलेले दिसू लागले. मला फार बरं वाटलं. गाडीचं काय व्हायचं ते होवो, पण आई माणसांत आली, असं मी ऑफिसात एकदोघांना सांगितलंही.

कॉइल झाली तेव्हा ती इतकी देखणी होती की तिला मीटर लावायचं माझ्या मनातही आलं नाही. आईच्या हाताची परीक्षा काय घ्यायची. मी ती तशीच गरम मेणात बुडवली, थंड केली आणि जोडली. बाहेर ठिणगी पडली, पण बारीक, जांभळट, आजारी. स्वयंपाकघरात रेडिओ मात्र पूर्वीपेक्षा जास्त खरखरला. किक मारून मारून माझी पोटरी भरून आली. गाडीनं एकदा नुसता उसासा टाकला. आई दारात उभी होती.

"नाही लागली?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं डोळे मिटून श्वास सोडला. मला वाटलं, बिचारीची निराशा झाली. मी म्हणालो, "माझंच चुकलं असंल. मेण नीट भरलं नाही. दुसरी करू." ती लगेच म्हणाली, "कर. मी गुंडाळून देते."

दुसरी कॉइल पहिलीपेक्षाही सुंदर झाली, आणि तिचीही तीच रड. तेव्हा कुठे मी मीटर लावला. बारीक तारेच्या दोन टोकांमध्ये काटा हललाच नाही. तार आत कुठेतरी तुटलेली होती.

एका दुपारी मी मेण वितळवून ती कॉइल उलगडायला बसलो. थरामागून थर, कागदामागून कागद. इतकं नीटस काम उसवताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. अगदी आतल्या थरात, सुरुवातीजवळ, नखाला काहीतरी लागलं. गाठ होती. विणकराची गाठ, बारीक, चपटी, मागाच्या फणीच्या दातांतून जाताना सूत अडकू नये म्हणून आमच्यात लहान मुलंही शिकतात ती. पण तारेवरचं वार्निश तसंच होतं. त्यामुळे विजेच्या लेखी ती तार जोडलेली नव्हतीच. दोन टोकं नुसती एकमेकांना मिठी मारून बसली होती. ठिणगी आधी या गाठीत उडत होती आणि उरलेली प्लगपर्यंत जात होती. रेडिओ जास्त का खरखरतो तेही कळलं.

माझा पहिला विचार तिच्या बाजूचा होता. जन्माची सवय, बोटांना काय माहीत हे सूत नाही तांबं आहे म्हणून. तार तुटली असेल आणि हातानं आपोआप गाठ मारली असेल. मला हसू आलं. ती गाठ जपून ठेवावी म्हणून मी भिंग घेतलं.

तांब्याची तार ओढून तुटली की टोकाशी बारीक होते, सुईसारखी. एवढी तर मी त्या खोलीत ढिगानं तोडली होती, टोकं मला पाठ होती. ही टोकं तशी नव्हती. ती चपटी होती, स्वच्छ कापलेली. कातरीनं.

मी पहिली कॉइल कपाटातून काढली आणि तीही उलगडली. तिथेही आतल्या थरात तशीच गाठ आणि तशीच कापलेली टोकं. तार तुटली नव्हती. आईनं ती कापली होती, आणि मग इतक्या प्रेमानं बांधली होती की बाहेरून कोणालाच कळू नये.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. माझे किती रविवार, किती पोळलेली बोटं, आणि वर मामेभावापुढे हसं. हिला गाडी द्यायचीच नव्हती तर तोंडानं सांगायचं, मी काय तिला ओढून नेणार होतो? त्या दोन गाठी तळहातावर घेऊन मी तणतणत स्वयंपाकघरात गेलो.

आई खाली बसून सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. रेडिओवर कोणीतरी कपाशीवरच्या किडीबद्दल बोलत होतं. मी हात तिच्यापुढे धरला. तिनं चष्म्यावरून बघितलं आणि काडी निवडायची थांबली.

"दिसली काय," ती म्हणाली.

"काहून वं आई? गाडी द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं ना. मी काहून मरून राहिलो तिकडं?"

ती जुडीची मुळं एका बाजूला, पानं एका बाजूला, असं करत राहिली. मग रेडिओकडे हनुवटीनं दाखवून म्हणाली, "तू तिकडं ठिणगी पाडतो, अन् इकडं हा तडतडते."

मी रेडिओकडे बघितलं. ती पुढे म्हणाली,

"तुले नाही समजत. तडतडला की माहा हात तव्याकडं जाते. दर बारीनं. मले माहीत आहे तूच आहेस तिकडं. तरी जाते." तिनं हात पदराला पुसले. "तुही गाडी सुरू झाली की भाचा येऊन घेऊन जाईल. मग हा रेडिओ कोणासाठी तडतडंल?"

गॅसकडे बघितलं तर तवा शेगडीवर होता. वेळ जेवणाची नव्हती. सकाळी मी दुसरी कॉइल एकदा शेवटची जोडून पाहिली होती, तेव्हाचा असणार. थंडगार होता.

मी तिच्याजवळ खाली बसलो आणि सांबाराची अर्धी जुडी माझ्याकडे ओढली. राग कुठे गेला मला कळलं नाही. एवढे महिने मी त्या खोलीतून तिला हाक मारत होतो, भावाच्या आवाजात, आणि प्रत्येक वेळी ती उठत होती. एकदाही मला सुचलं नाही. आणि सुचलं नाही असं तरी कसं म्हणू. कपाटावरची नवी कॉइल पाकिटात तशीच पडून होती. ती लावली असती तर गाडी एका दुपारी सुरू झाली असती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कातर आईच्या हातात होती, पण कामाला शेवट येऊ द्यायचा नाही हे आम्ही दोघांनी आपापलं ठरवलं होतं. खोलीत ठिणगी पडत होती तोवर कोणीतरी म्हणत होतं, दादा, अजून मोठी.

मामेभावाचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, जमून नाही राहिलं गा, वेळ लागेल. तो म्हणाला, लागू दे, संत्र्याचा बहार निघाला की येतो. त्याच्या आवाजात जे होतं त्यावरून मला वाटतं, त्यालाही काहीतरी समजलं असावं. त्यानं कॉइलचं नाव काढलं नाही.

पुढच्या रविवारी मी नवी तार आणली. गाभा घासून साफ केला, कागदाच्या पट्ट्या कापल्या, चरखा दारातल्या उन्हात ओढून दिला. आई बसली, चष्मा चढवला, तारेचं टोक चिमटीत धरून उजेडात बघितलं.

"तार तुटली तर हाक मार," मी म्हणालो.

"मारीन," ती म्हणाली.

कातर फळीवर राहिली होती. तिला उठावं लागलं असतं. मी ती काढून आणली आणि तिच्या उजव्या हाताशी ठेवली.